दिव्याखाली दिसली, म्हणून वाढली?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना एका प्रकारचे प्रश्न चांगलेच ओळखीचे असतात. चार-पाच ओळींचा उतारा, त्यात एक दावा आणि खाली चार पर्याय. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये, ‘कॅट’मध्ये, कायद्याच्या प्रवेश परीक्षेत असे प्रश्न येतात. त्यात पाठांतर उपयोगी पडत नाही. दाव्यात फट कुठे आहे, ती शोधायची असते. त्याच धर्तीचा हा एक नमुना पाहा.

‘एका शहराने पाच वर्षांपूर्वी नदीकाठच्या रस्त्यावर पथदिवे बसवले. दरवर्षी त्या दिव्यांखाली वटवाघळांची मोजणी होते. पहिल्या वर्षाच्या तुलनेत आता तिथे दुप्पट वटवाघळे दिसतात. यावरून, पथदिव्यांमुळे शहरातील वटवाघळांची संख्या वाढली, असे नगरपालिकेचे म्हणणे आहे. पुढीलपैकी कोणते विधान खरे असल्यास हा दावा सर्वाधिक कमकुवत होईल?’

पर्याय अ: पथदिव्यांभोवती रात्री किडे मोठ्या संख्येने जमतात. पर्याय ब: शेजारच्या शहरात पथदिवे जुने आहेत आणि तिथेही वटवाघळे आहेत. पर्याय क: नदीकाठच्या झाडीत अंधारात विखरून शिकार करणारी वटवाघळे दिवे लागल्यापासून दिव्यांखाली येऊ लागली आहेत. पर्याय ड: कीटकभक्षी वटवाघळे शिकारीसाठी डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त अवलंबून असतात.

उत्तर ‘क’. पण बरेच विद्यार्थी ‘अ’पाशी घुटमळतात आणि ते स्वाभाविकही आहे. ‘अ’ खरे आहे, विषयाशी संबंधित आहे, आणि वटवाघळे दिव्याकडे का येतात याचे कारणही त्यात आहे. अडचण अशी की किडे जमल्यामुळे वटवाघळांची संख्या खरोखर वाढली असेल तरी ‘अ’ खरे असू शकते, आणि असलेलीच वटवाघळे नुसती एका जागी गोळा झाली असतील तरीही ‘अ’ खरेच असते. दोन्ही बाजूंना सारखीच मदत करणारी माहिती निकाल लावू शकत नाही. ‘ब’मध्ये वटवाघळे किती हेच सांगितलेले नाही. ‘ड’ ही शाळेच्या पुस्तकातली माहिती आहे, तिचा इथे काही उपयोग नाही.

नगरपालिकेच्या त्या एका वाक्यात खरे तर तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वटवाघळे दिसणे, वटवाघळे जमणे आणि वटवाघळे वाढणे. दिसणे हे उजेडावर अवलंबून आहे. काल अंधारात डोक्यावरून जाणारे वटवाघूळ आज दिव्याच्या झोतातून गेले की दिसते. जमणे हे खाण्यावर अवलंबून आहे. वाढणे म्हणजे मरणाऱ्यांपेक्षा जन्मणारी आणि जगणारी जास्त असणे. अनेक जातींची मादी वर्षाला एकच पिल्लू देते, तेव्हा पाच वर्षांत दुप्पट होणे ही काही सहज घडणारी गोष्ट नव्हे. मोजणी झाली ती पहिल्या दोन गोष्टींची आणि निष्कर्ष काढला गेला तिसरीचा. शिवाय मोजणी फक्त दिव्यांखाली झाली. नदीच्या पलीकडच्या काळोखात काय घडले, ते कोणी मोजलेच नाही. दिव्याखाली अंधार, असे आपण म्हणतो. इथे दिव्याखाली लख्ख उजेड आहे आणि अंधार दिव्यापासून पन्नास पावलांवर.

हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. स्वीडनमध्ये तो जवळपास असाच प्रत्यक्षात उभा राहिला आणि त्याच्या दोन्ही बाजू एकाच संशोधकाने नोंदवल्या. येन्स रिडेल हे वटवाघळांचे अभ्यासक. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वीडनमधील रस्त्यांवरच्या दिव्यांभोवती शिकार करणाऱ्या वटवाघळांवर शोधनिबंध लिहिले. पांढऱ्या-निळसर मर्क्युरी दिव्यांच्या रस्त्यांवर वटवाघळांची गर्दी होती. नारिंगी सोडियम दिव्यांकडे ती फारशी फिरकत नव्हती. मर्क्युरी दिव्यांतून अतिनील किरण बाहेर पडतात, ते किड्यांना खेचतात आणि किड्यांमागे वटवाघळे येतात. उत्तर युरोपातले ‘नॉर्दर्न बॅट’ तर या दिव्यांचा मोसमानुसार पद्धतशीर उपयोग करताना आढळले.

दिव्याखाली शिकार सोपी का होते, यामागे आणखी एक कारण आहे. अनेक पतंगांना वटवाघळांचा श्राव्यातीत आवाज ऐकू येतो. तो कानावर पडताच ते गिरकी घेतात, पंख मिटून खाली कोसळतात आणि वाचतात. मर्क्युरी दिव्याच्या उजेडात मात्र पतंगांची ही सावधगिरी ढिली पडते, हे रिडेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९८ मध्ये दाखवले. किडे दिव्याभोवती का घिरट्या घालतात, याचे बरेच पटणारे उत्तर २०२४ च्या जानेवारीत ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आले. उडणारा किडा आपली पाठ उजळ बाजूकडे ठेवतो. रात्रीचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यामुळे तेवढ्यावरून त्याला वर कोणते आणि खाली कोणते हे कळते. जवळ दिवा आला की तो दिव्याकडे पाठ करतो, त्यामुळे सतत वळत राहतो आणि अडकतो. म्हणजे तो दिव्यावर भाळून आलेला नसतो, त्याचा वर-खालीचा अंदाज चुकलेला असतो. वटवाघळासाठी मात्र हे आयते ताट.

इथपर्यंतचा पुरावा पाहून कोणीही म्हणेल की दिवे वटवाघळांच्या पथ्यावर पडतात. पण याच रिडेल यांनी १९८० ते १९९० या काळात आणखी एक काम केले होते. नैऋत्य स्वीडनमधील खेड्यांतल्या ६१ चर्चचे माळे आणि मनोरे त्यांनी तपासले होते. तपकिरी लांबकानी वटवाघळांच्या वसाहती तिथे पिढ्यान्‌पिढ्या असतात. माद्या तिथेच पिल्ले वाढवतात. त्या वेळी या चर्चवर बाहेरून प्रकाशझोत टाकण्याची पद्धत आलेली नव्हती. पुढे ती आली. भिंती आणि मनोरा रात्री उजळून निघावा, गावाची शोभा वाढावी, हा हेतू. २०१६ मध्ये रिडेल आणि त्यांचे सहकारी तीच चर्च, त्याच पद्धतीने तपासायला गेले.

वसाहत असलेल्या चर्चचे प्रमाण ६१ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आले होते. जी चर्च वटवाघळांनी सोडली होती, त्या प्रत्येकावर मधल्या काळात झोत बसले होते. ज्या चर्चवर झोत बसले नव्हते, त्यांतल्या १३ वसाहतींपैकी १३ जागच्या जागी होत्या. चारही बाजूंनी उजेड टाकला होता तिथे परिणाम सर्वांत ठळक होता, कारण तिथे बाहेर पडायला काळोखाची एकही वाट उरली नव्हती. एखाद्या बाजूला अंधार शिल्लक होता, तिथे काही वसाहती तग धरून होत्या.

एकाच देशात, एकाच अभ्यासकाच्या नोंदींत, दिव्याखाली वटवाघळांची गर्दीही आहे आणि दिव्यामुळे रिकामे झालेले माळेही आहेत. यात विसंगती नाही. ‘वटवाघूळ’ हा शब्द मराठीत एक असला तरी जगात त्यांच्या चौदाशेच्या वर जाती आहेत, भारतात १३० हून अधिक. लांब, अरुंद पंखांची, उघड्यावर वेगाने उडणारी वटवाघळे दिव्याखाली झपाट्याने येऊन किडा उचलून निघून जातात. रुंद पंखांची, झाडीत सावकाश वळत उडणारी वटवाघळे घुबडाला किंवा ससाण्याला सहज सापडू शकतात. उजेड म्हणजे त्यांच्यासाठी उघडे पडणे. पहिल्या गटाची आपण दिव्याखाली मोजदाद करतो. दुसरा गट त्या मोजणीत येतच नाही, कारण तो दिव्याखाली येत नाही. म्हणूनच आपल्या परीक्षेतल्या प्रश्नाला एक पाचवा पर्यायही देता आला असता: ‘दिव्यांखाली दिसणारी सर्व वटवाघळे एकाच वेगवान जातीची आहेत.’ हा पर्याय ‘क’ला तगडी स्पर्धा देईल.

आता तर्कशुद्ध विचाराची सवय दोन्ही बाजूंना लावायला हवी. चर्चचा अभ्यास वाचून ‘दिव्यांनीच वटवाघळे हाकलली’ असे म्हणण्याआधी एक शंका घ्यायला जागा आहे. ज्या गावांनी चर्च उजळले ती कदाचित मोठी, पैसेवाली, रस्त्यालगतची असतील. तिथली जुनी झाडे तुटली असतील, माळ्यांची दुरुस्ती झाली असेल. मग वटवाघळे दिव्यामुळे गेली की बदललेल्या गावामुळे? नुसत्या निरीक्षणातून या शंकेचे पूर्ण निरसन होत नाही. त्यासाठी दिवा आपण लावायचा आणि बाकी सगळे तसेच ठेवायचे, असा प्रयोग लागतो.

तो प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. ब्रिस्टल विद्यापीठाच्या एमा स्टोन, गॅरेथ जोन्स आणि स्टीफन हॅरिस यांनी २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. लेसर हॉर्सशू नावाचे छोटे वटवाघूळ, ज्याच्या नाकाभोवती घोड्याच्या नालेसारखी त्वचेची घडी असते, ते संध्याकाळी निवाऱ्यातून निघून शेतांच्या कडेच्या झुडपांच्या रांगा धरून शिकारीच्या जागी जाते. ही त्याची ठरलेली वाट. संशोधकांनी या वाटांवर सोडियमचे दिवे उभे केले. काही रात्री काहीच केले नाही. काही रात्री दिवे उभे, त्यांचा जनरेटरही सुरू, पण दिवे बंद. आणि चार रात्री दिवे सुरू. मधली पायरी महत्त्वाची आहे. तिच्याशिवाय वटवाघळे उजेडाला बुजली की जनरेटरच्या आवाजाला, हे कळले नसते. दिवे लागलेल्या रात्री त्या वाटेवरची वर्दळ एकदम घसरली आणि जी वटवाघळे आली तीही उशिरा. चौथ्या रात्रीपर्यंत सवय झाल्याचे चिन्ह नव्हते. पुढे २०१२ मध्ये याच गटाने पांढऱ्या एलईडीवर हाच प्रयोग केला. तिथे दिवा मंद करून ३.६ लक्सवर आणला तरी ही वटवाघळे वाट टाळत होती. पौर्णिमेचे चांदणे साधारण पाव लक्सचे असते, म्हणजे आपल्याला ‘मंद’ वाटणारा तो दिवा पौर्णिमेच्या दसपट तरी होताच.

वाट बदलावी लागणे किंवा उशीर होणे यात मोठेसे काय, असे वाटू शकते. संध्याकाळचा पहिला तास-दीड तास हा हवेत सर्वाधिक किडे असण्याचा वेळ. पिल्लाला पाजणाऱ्या मादीचा तोच चुकला तर रात्रभरात भरपाई होईलच असे नाही. हंगेरीत प्रकाशझोत टाकलेल्या इमारतींतली पिल्ले अंधाऱ्या इमारतींतल्या पिल्लांपेक्षा अंगाने लहान भरली, असे २००७ च्या एका अभ्यासात दिसले. स्वित्झर्लंडमधील काही संशोधकांनी तर असेही सुचवले आहे की दिव्याखाली पोट भरणारी पिपिस्ट्रेल वटवाघळे वाढत गेली आणि त्याच किड्यांवर जगणारी हॉर्सशू मागे पडली. हे गृहीतक आहे, सिद्ध झालेले नाही. पण ते खरे असेल तर दिव्याखाली वाढलेली संख्या ही दुसऱ्या एका जातीच्या घसरणीचीच खूण ठरेल, आणि नगरपालिका तिलाच यश म्हणून मिरवत असेल.

आरोग्याच्या पानावर हे सगळे कशासाठी? एक कारण अमेरिकेतून आले आहे. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत झोपी गेलेल्या वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. ही बुरशी त्यांना हिवाळी झोपेतून वारंवार जागे करते, साठवलेली चरबी संपते आणि ती उपाशी मरतात. रोग एका परगण्यातून दुसऱ्या परगण्यात पसरत गेला आणि लाखो वटवाघळे मेली. शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ एयाल फ्रँक यांना यात एक आपोआप घडलेला प्रयोग दिसला. बुरशी कुठे आधी पोहोचली आणि कुठे नंतर, याचा तिथल्या पिकांच्या भावाशी किंवा दवाखान्यांच्या दर्जाशी काही संबंध नव्हता. तेव्हा बुरशी पोहोचलेल्या आणि न पोहोचलेल्या परगण्यांची तुलना करता येत होती.

त्यांचा शोधनिबंध सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. वटवाघळे गेलेल्या परगण्यांत शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढवला, कारण पिकांवरचे किडे फुकट खाणारे कोणी उरले नव्हते. त्याच परगण्यांत बालमृत्यूंचे प्रमाण ७.९ टक्क्यांनी वाढले. २००६ ते २०१७ या काळात ही संख्या १,३३४ बालकांची होते. फ्रँक यांनी अपघात आणि हत्येमुळे झालेले बालमृत्यू वेगळे काढून तपासले. त्यांत वाढ नव्हती. कीटकनाशक हे कारण असेल तर अपघाती मृत्यू वाढण्याचे कारण नाही, आणि ते वाढले नाहीत. परीक्षेतल्या प्रश्नात ज्याला आपण ‘दावा बळकट करणारे विधान’ म्हणतो, त्याचा हा उत्तम नमुना.

पण इथेच थांबायला हवे. ‘पथदिव्यांमुळे बालमृत्यू वाढतात’ असे कोणी या अभ्यासावरून म्हणाले, तर तेही नगरपालिकेसारखेच उडी मारणे होईल. फ्रँक यांचा अभ्यास बुरशीबद्दल आहे, अमेरिकेच्या शेतीबद्दल आहे आणि वटवाघळे मोठ्या प्रमाणात, अचानक नाहीशी झाल्याबद्दल आहे. दिव्यांचा परिणाम सावकाश आणि काही जातींपुरता होतो. त्या अभ्यासातून आपल्याला एवढेच घेता येते की कीटकभक्षी वटवाघळे कमी झाली तर त्याची किंमत माणसे मोजतात आणि ती कधीकधी घरातल्या तान्ह्या बाळापर्यंत पोहोचते. विदर्भ-मराठवाड्यात कीटकनाशकाच्या फवारणीने काय होते हे वेगळे सांगायला नको.

वटवाघळांच्या बाजूने बोलणारेही असेच वाहवत जातात. ‘वटवाघळे डास खातात, म्हणून ती वाचवली तर डेंग्यू कमी होईल’ हे वाक्य पर्यावरण दिनाच्या भाषणांत हमखास ऐकू येते. कीटकभक्षी वटवाघळे डास खातात हे खरे. पण डेंग्यू पसरवणारा एडिस डास मुख्यतः दिवसा चावतो, घरात आणि घराच्या आसपास वावरतो. वटवाघूळ रात्री बाहेर पडते. दोघांची गाठ पडणार कधी? मलेरियाच्या ॲनॉफिलिस डासाबद्दल हा युक्तिवाद त्या मानाने बरा उभा राहतो, कारण तो रात्रीचा आहे. चांगल्या कामासाठी केलेला कच्चा युक्तिवाद शेवटी त्या कामालाच नडतो. पुढच्या पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की लोक वटवाघळांनाच बोल लावतात.

या साऱ्यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. वटवाघळांसाठी रस्ते अंधारात ठेवायचे का? रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेने, क्लास सुटलेल्या मुलीने काय करायचे? इथेही पुरावा उपलब्ध आहे आणि तो एका बाजूचा नाही. इंग्लंड-वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांनी खर्च वाचवण्यासाठी दिवे बंद केले, मध्यरात्रीनंतर बंद ठेवले किंवा मंद केले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात त्यामुळे अपघात किंवा गुन्हे वाढल्याचा पुरावा आढळला नाही. उलट न्यूयॉर्कमध्ये सरकारी गृहसंकुलांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने जागा निवडून प्रखर दिव्यांचे मनोरे उभारले, तेव्हा रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. माणसांची ये-जा असलेल्या, गुन्ह्यांनी त्रस्त वस्तीतला दिवा आणि रात्री एक वाजता निर्मनुष्य असलेल्या रस्त्यावरचा दिवा हे सारखे काम करत नाहीत. माझ्या मते वस्तीतल्या, बसथांब्यावरच्या, शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दिव्याला हात लावू नये. पण पुलाच्या कमानीखाली बदलणारे रंग, झाडांना गुंडाळलेल्या माळा आणि मनोऱ्यावर खालून वर सोडलेले झोत यांनी कुठली मुलगी सुरक्षित घरी पोहोचते, हे कोणी समजावून सांगावे.

मधला मार्ग शोधण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. नेदरलँड्समध्ये पूर्वी कधीच दिवे नसलेल्या जंगलांच्या कडेला आठ ठिकाणी पांढरे, हिरवे आणि लाल दिवे आणि शेजारी अंधारी पट्टी असा काही वर्षांचा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पांढऱ्या आणि हिरव्या दिव्यांकडे पिपिस्ट्रेल जमली, लाजाळू जाती पळाल्या. लाल दिव्याजवळ मात्र दोन्ही गट अंधारात वागतात तसेच वागले. त्यानंतर त्या देशातील न्यूकोप इथल्या एका नव्या वसाहतीत लाल पथदिवे लागले. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या ग्लाडसाक्से इथल्या लाल रस्त्याची छायाचित्रे तर आपल्याकडच्या मोबाइलवरही फिरली. पण ती पाहून लगेच लाल दिव्यांची निविदा काढायची घाई नको. बाल्टिक समुद्रकाठी, लॅटव्हियात, स्थलांतर करणारी वटवाघळे लाल दिव्याकडेच खेचली गेल्याचे २०१८ मध्ये दिसले आहे. एका देशातल्या निवासी वटवाघळांचे उत्तर दुसऱ्या देशातल्या प्रवासी वटवाघळांना लागू पडले नाही. ते सह्याद्रीतल्या वटवाघळांना लागू पडेल असे कसे धरायचे?

मध्यरात्रीनंतर दिवे बंद करण्याची युक्तीही वाटते तेवढी गुणकारी नाही. पैसे वाचतात, आकाश थोडे काळे होते. पण फ्रान्समध्ये तपासले तेव्हा उजेडाला बिचकणाऱ्या जातींना तिचा फारसा लाभ झालेला दिसला नाही. कारण साधे आहे: त्यांची शिकारीची मुख्य वेळ संध्याकाळची, आणि दिवे नेमके तेव्हाच सुरू. वटवाघळांसाठी काही करायचे तर उजेड किती वाजता विझतो यापेक्षा तो कुठे पडतो हे जास्त महत्त्वाचे ठरते. दिव्याला वरून टोपी, झोत जमिनीकडे, नदी आणि झाडांची रांग अंधारात.

आपल्याकडे हा विषय आता तातडीचा होण्याचे कारण एलईडी. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात देशभर १.३ कोटींहून अधिक एलईडी पथदिवे लागले. विजेची मोठी बचत झाली, यात शंका नाही. पण दिवा स्वस्तात जळू लागला की जिथे पूर्वी दिवा लावणे परवडत नव्हते तिथेही तो लागतो. २०१२ ते २०१६ या काळात पृथ्वीवरचा उजळलेला भाग दरवर्षी २.२ टक्क्यांनी वाढल्याचे उपग्रहांनी टिपले. आणि त्या उपग्रहांना एलईडीतला निळा भाग नीट दिसतही नाही. जगभरातल्या हौशी निरीक्षकांनी डोळ्यांनी तारे मोजून २०११ ते २०२२ या काळासाठी काढलेला आकाशाच्या उजळण्याचा वेग वर्षाला ९.६ टक्के भरला.

महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगले पाऊल टाकले आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथे आजूबाजूच्या गावांतले दिवे बदलून त्यांचे तोंड खाली करण्यात आले. हे झाले तारे दिसावेत म्हणून; वटवाघळांचा फायदा झालाच तर तो ओघाने. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांतले ११ महाराष्ट्रात. पर्यटक वाढतील आणि त्यामागोमाग रोषणाईची मागणी येईल. किल्ल्यांची तळघरे, धान्यकोठारे, भुयारे आणि लेण्यांमधली अंधारी दालने हे आपल्याकडचे चर्चचे माळे आहेत. फरक इतकाच की स्वीडनमध्ये झोत लागण्याआधी कोणीतरी आत जाऊन मोजून ठेवले होते.

कायद्याने निदान एक जुना डाग पुसला आहे. २०२२ च्या दुरुस्तीआधी वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांच्या बरोबरीने उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात होती. ते परिशिष्टच आता राहिलेले नाही. पण कायदा वटवाघळाला मारण्यापासून वाचवतो, त्याच्या दारात लावलेल्या झोतापासून नाही.

मोजणी मात्र कायद्याची वाट न पाहता करता येते आणि ती दिव्याखाली करायची नसते. सूर्यास्ताआधी निवाऱ्याच्या तोंडाशी, थोडे बाजूला, आकाश पार्श्वभूमीला येईल असे बसायचे आणि बाहेर पडणारे प्रत्येक वटवाघूळ मोजायचे. पहिले किती वाजता निघाले आणि कोणत्या दिशेने गेले, हे लिहायचे. आत शिरायचे नाही, टॉर्च मारायचा नाही, हात लावायचा नाही. रोषणाईचा प्रस्ताव असलेल्या जागी असे तीन-चार संध्याकाळी, आणि जवळच्याच, प्रस्ताव नसलेल्या एका जागीही तितक्याच संध्याकाळी. त्याच महिन्यात, पुढच्या वर्षी पुन्हा. महाविद्यालयातले दोन विद्यार्थी, एक वही आणि एक घड्याळ एवढे त्याला पुरते. दुसरी जागा टाळायची नाही. रिडेल यांच्याकडे ती १३ अंधारी चर्च नसती, तर उजळलेल्या चर्चमधून वटवाघळे का गेली, याबद्दल कोणीही काहीही म्हणू शकले असते.